सात चाळीस

मशीनला माझा अंगठा पटत नाही.
सोड्याने रेषा गेल्यात, म्हटलं,
तर तांडेल म्हणतो, लिंबू चोळा, वत्सलाबाई.

तिसऱ्या खेपेला हिरवा दिवा : आठ सात.
म्हणजे कागदावर सव्वाआठ.
आणि मी परळच्या या तळघरात
वॉर्डाच्या चादरी भिजवतेय
सात चाळीसपासून.

गॅसच्या पुस्तकाच्या मागच्या पानावर
पेन्सिलीने मांडते सगळं.
चहाची दहा मिनिटं कापते.
मंगळवारी जिन्यात बसून रडले,
तीही.
हरामाचं मिनिट पचत नाही मला.

महिनाअखेर बेरीज :
साडेसहा तास त्यांच्याकडे.

तांडेल पुस्तक डोळ्यांजवळ नेतो.
‘रडले, नऊ मिनिटं... हे काय?’

तेवढी नका देऊ, म्हटलं.
बाकीचं मोजा.