हत्यारं

पहिल्याच दिवशी जीभ घसरली माझी.
घरी मराठी, गल्लीत हिंदी,
चाळीस वर्षं दोन्हींच्या मधून चाललो, कधी ठेच लागली नाही,
आणि इथे, ग्वाल्हेरच्या सेंट्रल जेलच्या सुतारशाळेत,
शिट्टी झाली तसा म्हणालो,
"चलो, सब हत्यारे इधर जमा करो."

रंदे थांबले.
दाराशी शिपायानं काठी या हातातून त्या हातात घेतली.
मग मुरैन्याकडचा रामहेत
भुसा झटकत उठला
आणि माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला.
मागून हाकिम. मागून आणखी चौघे.
बाकीचे बसून. चोरीवाले, खोट्या सह्यांवाले;
त्यांना कुणी बोलावलंच नव्हतं.

मला उशिरा कळलं.
अरे, आमच्या दौलतगंजात, आमचे वडील
पटाशीला हत्यार म्हणायचे, करवतीला हत्यार,
सुताराची पोटापाण्याची चीज ती.
"औजार, औजार," मी म्हणालो.
"तो ठीक है, मास्साब," म्हणाला रामहेत,
आणि पटाशी आणायला परत गेला.

फळीवर प्रत्येक हत्याराची आकृती
काळ्या रंगात काढलेली.
जे परत आलं नाही त्याची सावली तेवढी दिसते.
मी हत्यारं मोजायचो, शिपाई माणसं,
आकडे कधी एकमेकांत मिसळायचे,
चौतीस पटाश्या, नाही, चौतीस कैदी,
पुन्हा पहिल्यापासून.

भितरवारच्या शाळांसाठी बाकं केली.
रामहेत कुसू असा बसवायचा
की खिळा नको, हाताची एक थाप.
मजुरीतला हिस्सा कापून
मेलेल्याच्या घरी जायचा.
एकदा त्यानं विचारलं,
"उनको मालूम पड़ता है क्या, किस काम का पैसा है?"
मी गुण्या शोधत राहिलो.
गुण्या माझ्या हातातच होता.

सुटल्यावर सातव्या दिवशी घरी आला.
सर्टिफिकेट प्लास्टिकच्या पिशवीत.
दोन आरा मशीनवाल्यांनी ते
तुरुंगाच्या नावापर्यंत वाचलं होतं.
काय काय येतं, ते त्याच्या खाली होतं.

हिनं चहा ठेवला.
कपाटाचं दार कधीपासून घासत होतं,
त्यानं ते एकदा उघडलं, एकदा लावलं,
आणि माझ्याचकडून उचललेल्या शब्दात विचारलं,
"मास्साब, घर में हत्यार है?"

जन्मभर मराठी बोललेली माझी बायको
बशी धरून उभी राहिली.

मी स्टूल ओढलं.
माळ्यावरून वडिलांची पटाशी काढली,
फडक्याची गुंडाळी सोडली,
मूठ त्याच्याकडे करून दिली.
त्यानं धारेवरून अंगठा आडवा फिरवला.
"लगानी पड़ेगी," म्हणाला.
"पत्थर दीजिए."