ओढा

अठराशे बत्तीसच्या ऑगस्टात मोजणीदार आला
साखळी, खुंट्या आणि एक तापट खेचर घेऊन.
चुनखडीचं पठार तापून पांढरं पडलेलं,
मेंढ्या अक्रोडाखाली एकमेकींच्या पोटात डोकी खुपसून उभ्या.
त्यानं व्हेर्लिन्याक सगळं लिहून घेतलं:
घरं एकतीस, पावाची भट्टी एक,
चर्च, चर्चला टेकलेला उकिरडा,
आणि शेतांची नावं, लोकांनी सांगितली तशी –
मेला लांडगा, पाद्र्याची विजार,
विधवेचा तुकडा, उधारीचं वावर.
ओढा राहिला.
ऑगस्टात तो नसतोच;
गोट्यांची एक वाट असते, तिच्यावरून खेचर गेलं.

तेव्हापासून सरकारदरबारी इथे ओढा नाही.
मार्चात तो धुण्याच्या हौदाची तिसरी पायरी चढतो,
खुराडी नेतो,
एकदा लेओन्तीनबाईंचं नवंकोरं शिवणयंत्र घेऊन गेला.
पुलासाठी तीन अर्ज झाले.
तिन्हींना एकच उत्तर, वळणदार अक्षरात:
नसलेल्या ओढ्यावर पूल कशाला?
मग गावानं एक शिळा आडवी टाकली.
आदेमार व्हेदरीनच्या घराचा उंबरठा होता तो.
पहिल्या लढाईनंतर
तो ओलांडायला घरात कुणी उरलं नव्हतं.
स्मारकावर अकरा नावं. व्हेदरीन तीन.

चव्वेचाळीसच्या जूनमध्ये जर्मन आले
तेव्हा त्यांच्याकडे हाच नकाशा होता.
ओढ्याच्या घळीत, काटेरी जाळ्यांखाली
सतरा माणसं, दोन रात्री,
आणि एक बाळ, तोंडात मधाची चिंधी.
नकाशात घळ नव्हती म्हणून वाचलो, असं फिर्मॅं सांगतो.
त्याची बहीण म्हणते, कसला नकाशा, धुकं होतं.
जूनमध्ये धुकं?
तू काय सांगतोस, ती म्हणते,
चिंधी तुझ्याच तोंडात होती.

आता माणसं एकोणपन्नास.
गावाची कचेरी मंगळवारी दुपारी दोन तास उघडते.
परवा ओदीलनं नवा नकाशा पाहिला, उपग्रहानं काढलेला:
विजारीच्या खालच्या बाजूनं
एक निळी रेघ, केसाएवढी.
शेजारी रकाना: नाव.
तिनं घरोघरी फोन फिरवले.
मेल्या लांडग्यालासुद्धा नाव होतं.
ओढ्याला सगळ्यांनी नावं ठेवली होती,
नाव कुणीच ठेवलं नव्हतं.
रात्री आवाज बदलला की घरात
एवढंच म्हणायचे:
उठा, आलं.

ओदीलनं रकाना तसाच सोडला.
पाच वाजता दार ओढून घेतलं.
फेब्रुवारी संपत आला होता;
जाताना तिनं खालच्या कपाटातली दप्तरं
वरच्या फळीवर ठेवली.