दोरीची लांबी

आमच्या गल्लीत घर भाड्यानं घेताना
माणसं पाण्याचं नंतर विचारायची,
आधी विचारायची, जेवदेतचं दुकान खिडकीतून दिसतं का.
जेवदेत म्हणजे माझे वडील.
इस्तंबूलच्या आशियाई काठावर, चढाच्या मधोमध
दोन दारांचं वाणसामान:
पाव, अंडी, खारवलेली ऑलिव्ह, बल्ब, सुईदोरा
आणि खिळ्यांना टांगलेल्या एकोणीस घरांच्या किल्ल्या.

चार मजल्यांपेक्षा उंच कुणी बांधलंच नाही तिथं.
पालिकेचा नियम होता म्हणतात.
मला विचाराल तर टोपलीची दोरी तेवढीच पुरायची.

सकाळी सातला वरून टोपल्या उतरत.
कुणाची निळी, कुणाची वेताची, कुणाची नुसती बादली.
तळाशी चिठ्ठी, चिठ्ठी उडू नये म्हणून वर बटाटा.
वडील चिठ्ठी वाचत, बटाटा परत ठेवत,
पाव घालून दोरीला दोन हिसके देत.
टोपली कशी वर जाते त्यावरून त्यांना कळे
कोण आजारी, कुणाकडे पाहुणा,
कुणाच्या घरी रात्री आवाज चढला.
"नेझिहेबाईंची टोपली आज तीनदा थांबली," म्हणत
आणि मला औषधाच्या दुकानात पिटाळत.

उधारीची वही होती. तिच्यात नावं नव्हती, मजले होते:
'पिवळी इमारत, तिसरा, डावीकडचा.'
माणसं लग्न होऊन गेली, मेली, भाडेकरू बदलले,
खातं मजल्याच्याच नावावर.
नव्या बिऱ्हाडाला कधीकधी जुन्याची बाकी चिकटायची,
आणि गंमत म्हणजे काहीजण ती भरायचेही.
एका पानावर फक्त तारीख आहे. भूकंपाची.
त्या दिवशी सगळं दुकान वाटून टाकलं
की अंधारात पेन सापडलं नाही,
वडिलांनी कधी सांगितलं नाही.
मी दोन्ही धरून चालतो.

मग गल्ली पाडली. रीतसर, सह्या घेऊन.
आमचीही सही आहे त्यात.
सतरा मजल्यांचे तीन मनोरे, खाली काचेचं सुपरमार्केट,
आणि तिथं चार नंबरवर मी.
गल्ली गेली, गल्ला राहिला.
पगार वेळेवर होतो. खोटं कशाला बोलू,
दूध पूर्वीपेक्षा स्वस्त आहे, आणि रविवारी
वडील स्वतः येऊन सवलतीतला चहा नेतात,
जाताना फळीवरची पाकिटं सरळ करतात.

खिडक्या आता वीतभरच उघडतात, सुरक्षेसाठी.
लोक लिफ्टनं येतात, कानात गाणं.
मी "पिशवी हवी?" विचारतो, ते मान हलवतात.
चौदाव्या मजल्यावर काही तीनदा थांबलं
तर मला कुठून दिसणार?

परवा नेझिहेबाई आल्या.
हातात तीच निळी टोपली,
कडीला गुंडाळलेली तीच दोरी,
मळकी, बरोब्बर तीन मजल्यांची.
टोपली त्यांनी तशीच सरकत्या पट्ट्यावर ठेवली.
दोरी सुटली, पट्ट्याच्या फटीत गेली.
आत काहीतरी करकरलं
आणि यंत्र थांबलं.

मागे अकरा माणसं.
मी गुडघ्यांवर बसून दोरी ओढत होतो,
मॅनेजर कात्री शोधत होता.
"कापू नका हो," कुणीतरी म्हणालं.
एक पोरगा वाकून पट्टा हातानं उलटा फिरवू लागला.
"तुम्ही कितव्या मजल्यावर?"
"नवव्या. तुम्ही?"
"तुमच्याच डोक्यावर. रात्री खुर्ची ओढतो ते आम्हीच."
नेझिहेबाई एकेकाकडे बघत होत्या,
टोपली वर आल्यावर
पाव दाबून बघावा तशा.

दोरी निघायला बारा मिनिटं लागली.
मी जमेल तितकी हळू ओढत होतो.