अंगवळणी

"रोजचं हवंय की रविवारचं?"
बर्ल नेपियरने विचारलं, जोडे विकल्यासारखं.
काचेखाली हिरव्या बनातीवर नऊ पिस्तुलं,
प्रत्येकाच्या गळ्यात दोऱ्याने बांधलेली किंमत.
रोजचं, मी म्हटलं.
आणि दिसायला नको.

पहिलं भरघोस. मुठीत बसलं, नेम सरळ,
पण आरशात पाहिलं तर सदऱ्याखाली
गळू पिकल्यासारखं.
मी घरोघर जाणारी नर्स, माझ्या गणवेशाला पट्टा नसतो,
नाडी असते;
आणि बोटांखाली दिवसभर दुसऱ्यांची नाडी.
त्या नाडीवर दोन पौंड लोखंड लोंबवून
कुणाला खाटेवरून उचलून बघा, बर्लसाहेब,
मग बोलू.

दुसरं इतकं चिमुकलं की करंगळीला जागाच नाही,
ती हवेत, चहाचा कप धरलेल्या पाद्रीणबाईसारखी.
मागच्या आवारात सहा गोळ्या झाडल्या.
अंगठ्याच्या बेचक्यातली कातडी सोलून निघाली.
"जितकं बारकं तितकं लाथाळ," बर्ल म्हणाला,
आणि पट्टी शोधू लागला
स्वतःच्याच दुकानात सापडेना त्याला.
माझ्या पिशवीत होती.

तिसरं सपाट. एका पेराएवढी जाडी.
स्लाइड मागे येईना माझ्या सुजल्या सांध्यांनी.
"ओढू नकोस," तो म्हणाला, "ओढायचं नाहीच,
वरचा भाग घट्ट धर, कोपर अंगाशी घे,
आणि मूठ पुढे ढकल.
दार लावून घेतल्यासारखी."
दार लागलं. कट्.
"अठरा औंस," तो म्हणाला, "रिकामं."

औंस ऐकले की मला काटा आठवतो, बाळांचा.
ऑक्टोबरात, त्या घळीच्या टोकाला जिथे फोन लागत नाही,
दोन पोरांनी माझ्या गाडीची काच फोडली
वेदनाशामक गोळ्यांसाठी.
एकाने तोंडावर फडकं बांधलं होतं,
दुसऱ्याने नाही.
दुसऱ्याला मी ओळखलं:
सहा पौंड नऊ औंस, नाळ गळ्याभोवती,
रडायला उशीर केला होता त्याने,
मी तळपायावर टिचक्या मारल्या होत्या.

हे मी बर्लला सांगितलं नाही.
शेरीफलाही फडकंवाल्याचंच वर्णन दिलं.

तिसरं घेतलं.
पोटाला गुंडाळायचा ताणाचा पट्टाही घेतला, कातडी रंगाचा,
बाळंतपणानंतर बांधतात तसा.
नऊ दिवस घरात रिकामं घालून हिंडले:
वाकून बुटाची नाडी, खाली बसून भट्टीतली बिस्किटं,
हात वर करून कपाटातला पिठाचा डबा.
चौथ्या दिवशी घसरलं. सहाव्या दिवशी घामोळं उठलं.
नवव्या दिवशी आंघोळीला जाताना
काढायचंच विसरले.

दहाव्या दिवशी एस्टिल कॉर्नेटकडे.
एक्क्याऐंशी वर्षं, त्यातली चाळीस कोळशाच्या खाणीत,
श्वास पत्र्यावर वाळू ओढल्यासारखा,
आतडं कापून पोटावर पिशवी बसवलेली.
"मार्वेला, आज उशीर," म्हणाला, आणि सवयीने
माझ्या मानेभोवती दोन्ही हात टाकले.
उचललं. पोटाला पोट लागलं.
तो थांबला. मीही.
खिडकीत त्याचा रेडिओ हवामान सांगत होता.

"तुलाही बसवली का गं पिशवी?"
एवढ्या हळू, की बाहेरच्या खोलीतल्या त्याच्या सुनेला
ऐकू जाऊ नये.

हो, म्हटलं मी.

"पहिला महिना वाईट जातो," तो म्हणाला,
"कुशीवर झोपवत नाही.
वाटतं सगळ्यांना दिसतंय.
मग पडतं अंगवळणी."
माझ्या पाठीवर दोनदा थोपटलं, 
आपल्या माणसाला थोपटतात तसं.

त्याला वळवलं, पुसलं,
जुनी पिशवी सोडवली, नवी चिकटवली,
कडेने बोट फिरवून बघितलं, गळत नाही ना.
तो तेवढा वेळ छताकडे पाहत होता.
मग म्हणाला,

"आणि तुझी कोण बदलतं?"