दातांनी ऐकणारा

ताकुआरेम्बोच्या वेशीवर, पत्र्याच्या शेडमध्ये
वॉल्टर एचेवेरी दातांनी ऐकायचे.
लहानपणी दोन्ही कान फुटले, वर्षभर वाहिले
आणि मग मिटले.
तेव्हापासून हा लाकडी मुठीचा लांब स्क्रू-ड्रायव्हर:
टोक इंजिनावर, मूठ दाढांत, डोळे बंद.
भिंतींना कान असतात म्हणे,
यांच्या जबड्याला होते.

मी तेरा वर्षांची. शाळा सुटली की पान्हे पुसायचे,
येर्बाच्या कडू काढ्याला पाणी तापवायचे,
आणि ते सांगतील ते ऐकून त्यांना सांगायचे.

ओफेलिया बेंतांकुर यायच्या आधी त्यांची गाडी ऐकू आली:
एकावन्नची शेवरले, सहा सिलिंडर, कधीकाळी हिरवी,
मागे मधाचे डबे.
टक् टक् टक् टक्,
बॉनेटखाली बसून कुणीतरी शेंगा फोडतंय तशी.
"बाजारात लोक वळून बघतात," त्या म्हणाल्या,
ओठ नीट हलवून. "गप्प करा हिला."

वॉल्टरना घाई नसायची.
गार असताना जास्त, आणि तापल्यावर विरतो का?
मग धुराच्या नळीला फट आहे.
नाही, विरत नाही.
मी चिमट्यानं एकेका प्लगची वायर उपसली.
इंजिन लंगडलं, टकटक तशीच.
"मेणबत्ती लाव देवाला," ते म्हणाले.
"खालून येतो तो ठोका, वरून येते ती टिकटिक.
ठोक्याला पैसा लागतो,
टिकटिकीला नुसता वेळ."

झाकण उघडलं.
पुढचे रॉकर तेलानं न्हालेले,
मागचे कोरडे, उपाशी.
तेलाच्या नळीत तार घालून मी काढलं
काळं, मेणासारखं,
तीस वर्षांचं काहीतरी.

मग चालू इंजिनावर, गरम शिंतोडे मनगटावर झेलत,
पोलादाची पातळ पाती:
आत घेणाऱ्या व्हॉल्वला इंचाचे सहा हजारांश,
बाहेर सोडणाऱ्याला तेरा.
"ओढून बघ. लोण्यातली सुरी नको,
चिखलातला पाय नको. मधलं काहीतरी."
मला चेव आला. आणखी अर्धा आटा पिळणार
तोच त्यांनी मनगट धरलं.
"अगदी गप्प केलास तर जळेल तो.
लोखंड तापलं की अंग पसरतं, त्याला जागा ठेव."

शेवरले शिवणयंत्रासारखी निघून गेली.
बाकावर मधाची बाटली राहिली.

आठवड्यानं त्या परत आल्या, न ऐकू येता.
आम्ही दचकलोच.
"कुत्रा," त्या म्हणाल्या. वॉल्टरना कळेना. पुन्हा म्हणाल्या.
चिस्पा, सोळा वर्षांचा, डोळ्यांवर साय आलेली.
टेकडीपलीकडून टकटक आली की उठायचा,
फाटकाशी पोचेपर्यंत गाडी पोचायची.
"आता मी त्याच्या पुढ्यात येऊन उभी राहते
आणि तो रस्त्याकडे तोंड करून माझी वाट बघत बसतो.
उतरून हात लावून सांगावं लागतं, आले रे."

वॉल्टरनी हात पुसले. काही बोलले नाहीत.
सर्वांत मागचा व्हॉल्व, बाहेर सोडणारा.
तेराचे अठरा केले.
मूठ दातांत धरली, डोळे मिटले,
मग एकोणीस.

गाडी निघाली. आम्ही रस्त्यावर आलो.
टक्, टक्, निलगिरीच्या रांगेपर्यंत, तिच्याही पुढे.
ते गाडीकडे पाहत नव्हते, माझ्या तोंडाकडे पाहत होते.
"अजून?"
मी मान हलवली.
"अजून?"
अजून, मी म्हटलं.
फक्त वारा होता तेव्हा
आणि कुणाची तरी मेंढरं.
"आता?"
अजून.