हा नाही

मे महिना, विडी घरकुल, दुपारचे तीन.
वायरमन कशाला, मल्लेशमअण्णा म्हणाले,
तीस वर्षं लूमच्या मोटरी उघडतोय मी.
मेन स्विच पाडला त्यांनी.
आमचा.

पंखा थांबला म्हणून मी बाहेर आलो
तर अण्णा कूलरच्या पत्र्याला चिकटलेले,
तोंडातून नुसता आ, ना मराठी ना तेलुगू.
नरसम्माने मांडीवरचं सूप टाकलं
आणि लाटणं हाणलं मनगटावर.
घरभर तंबाखू. आम्ही सगळे शिंकलो,
अण्णाही.
तेव्हा कळलं, आहेत.

मग चहा, आणि मोजणी :
मिक्सर, इस्त्री, गणपतीतली माळ, हा चौथा.
दर घोटाला झटका वाढत गेला.
नरसम्मा बोलली नाही. विड्या वेचत राहिली.
मग उठली, आणि आमच्या स्विचवर
खडूने लिहिलं :
हा नाही.