कुठेच नाही

फाटकापाशी आधी ओरडायचं असतं, "नोखोई खोर!"
म्हणजे कुत्रा आवरा.
या टेकडीवर नमस्काराच्या जागी हेच चालतं.
प्रशिक्षणात कुणी सांगितलं नव्हतं,
पोटरीवर उमटलेल्या दोन दातांनी सांगितलं.

उलानबातर, उत्तरेची वस्ती, उणे एकतीस.
पिशवीत एकशे चाळीस घरांच्या प्रवासवह्या.
पेन काखेत धरून ऊब द्यावी लागते,
नाहीतर शाई गोठते
आणि माणसं कुठे गेली ते कागदाला कळत नाही.

दुलमाबाईंनी खारट चहाचा वाडगा पुढे केला.
काल पहाटे चारपासून आज पहाटे चारपर्यंत
तुम्ही कुठे कुठे गेलात?
"कुठेच नाही," त्या म्हणाल्या. "मी कुठे जाणार?"

तसा रकाना आहे. 'प्रवास केला नाही', कोड शून्य.
एक फुली, की मी पुढच्या कुंपणाशी.
पण चहा गरम होता, बूट अजून ओले होते,
म्हणून विचारलं, हे पाणी कुठलं?

"ते होय? खालच्या टाकीवरचं."
किती लांब?
"लांब कसलं! उतार तर आहे."
आणि येताना?
"येताना," त्या हसल्या, "तो चढ होतो."

मग एकेक निघत गेलं,
जुन्या कोटाच्या अस्तरात घरंगळलेली नाणी निघावीत तसं.
नातवाला अंधारात शाळेच्या बसपर्यंत.
त्याचा एक हातमोजा राहिला, म्हणून पुन्हा.
टाकीवर सकाळी कुलूप होतं,
रिकामे कॅन नेले, रिकामे कॅन आणले,
"ही पण धरायची का?"
धरायची.
कोळशाच्या विटा. सांडलेल्या दोन विटांसाठी मागे.
आणि वरच्या कुंपणातल्या पुर्वे आजोबांचा धूर दिसेना
म्हणून त्यांच्याकडे.
काय झालं होतं?
"काय व्हायचंय? झोपले होते. उठवलं म्हणून शिव्या घातल्या."

हेतू: नोकरी, शिक्षण, खरेदी, औषधपाणी, करमणूक, इतर.
मी 'इतर'वर खूण केली
आणि समोरच्या बोटभर जागेत लिहिलं, धूर दिसला नाही.

दुलमाबाई, अकरा फेऱ्या झाल्या.
चोरीचा आळ घेतल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.
"अगबाई," म्हणाल्या, "मग घरी होते कधी मी?"

त्याआधी आम्ही त्यांना एक यंत्रही दिलं होतं,
काडेपेटीएवढं. खिशात ठेवा, बाकी ते बघून घेईल.
नातवाने ते कुत्र्याच्या गळ्यात बांधलं.
कार्यालयातल्या पडद्यावर
अठ्ठावन्न वर्षांच्या एक बाई रात्री तीन वाजता
कचऱ्याच्या ढिगाकडे निघालेल्या,
ताशी एकोणीस किलोमीटर, पायाला भिंगरी,
मग नाल्यात चाळीस मिनिटं मुक्काम.
सगळे हसले. एन्खसाइखान साहेब हसले नाहीत.
त्यांनी ती रेघ पुसली.

वह्या पोचल्या तेव्हा तेच म्हणाले,
तीनशे मीटरच्या आतली पायपीट गाळायची,
उड्डाणपुलाच्या हिशेबात ती येत नाही.
टाकी दोनशे साठवर आहे.
बस तीनशे वीसवर.
दुलमाबाईंच्या अकरातल्या दोन उरल्या,
बस आणि हातमोजा.

पण हे सगळं नंतरचं.
त्या दिवशी मी टेकडी उतरत होते,
साडेचार वाजले होते, शेवटची चांगली बस सात मिनिटांवर,
आणि माझ्या लक्षात आलं
की मी उतरता उतरता धुराडी मोजतेय.
निळं फाटक, आहे. टायरांचं कुंपण, आहे.
तुटकी घसरगुंडी, तिच्यामागे
नाही.

थोडा वेळ उभी राहिले. पापण्यांवर बर्फ धरत होता.
खाली बसचे दिवे वळणावर आले, थांबले,
गेले.
मी चढले. फाटकापाशी ओरडले, "नोखोई खोर!"
कुत्रा नव्हताच तिथे.
आत बराच वेळ काही नाही.
मग खोकला,
मग एक सणसणीत शिवी.